राई, बाग आणि सावलीतले पान

वनस्पतीला पवित्र मानण्याच्या दोन रीती महाराष्ट्रात फार जुन्या आहेत. एका रीतीत माणूस झाडाला हात लावत नाही. दुसरीत तो ते स्वतःच्या हाताने लावतो, त्याला पाणी घालतो, वाढवतो. पहिलीचे रूप म्हणजे देवराई. दुसरीचे रूप म्हणजे दारातले तुळशीवृंदावन आणि घरामागची परसबाग. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात या दोन्ही रीती एकाच गावात शेजारी नांदत आल्या आहेत. त्यातून एक प्रश्न उभा राहतो. ज्यात जीव आहे आणि देवाचे अधिष्ठान आहे असे मानले, त्याला मोकळे सोडणे हा धर्म, की त्याला जवळ आणून सांभाळणे हा धर्म?

वड-पिंपळासारख्या मोठ्या झाडांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण मोठे झाड कोणी उपटून घरी नेत नाही. सावलीत वाढणाऱ्या, केवळ पानांसाठी हव्याशा वाटणाऱ्या वनस्पतींची गोष्ट वेगळी आहे. अळूच्या कुळातले कंद, रानहळद, पेव, नेचे हे सारे पिशवीत घालून नेता येते आणि बंगल्याच्या मागच्या ओलसर कोपऱ्यात ते रुजतेही. राईच्या नियमाची आणि बागेच्या हौसेची गाठ पडते ती या पानांपाशी.

मुळशीची सावली

मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड. तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी आणि पिरंगुटचा गजबजलेला भाग, तर पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि ताम्हिणी घाट. एवढ्या थोड्या अंतरात पावसाचे मान झपाट्याने बदलते. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत काही वर्षी तो सहा हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. हा सगळा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. त्यामुळे घाटमाथ्यावर निमसदाहरित जंगल आणि पूर्वेकडे पानझडी झाडी अशी विभागणी दिसते.

दाट सावली मात्र सगळीकडे नसते. मावळी भातशेतीत रोपांसाठी राब भाजण्याची, म्हणजे वाफ्यावर फांद्या-पाला पसरून जाळण्याची, पद्धत आहे. त्यासाठी ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटल्या गेल्या. छाटलेल्या झाडाखाली ऊन थेट जमिनीवर येते, पालापाचोळा वाळतो आणि ओल टिकत नाही. म्हणून खरी गर्द सावली उरली ती प्रामुख्याने दोन ठिकाणी: उतारावरच्या दुर्गम घळींत आणि देवाच्या राखीव राईत. तिसरी सावली माणसाने घराजवळ निर्माण केली, ती आंब्या-फणसाखालच्या परसाची.

या तिन्ही ठिकाणी सावलीला काळ लागलेला असतो. फणसाच्या झाडाखाली अळू पोसायचा तर फणस आधी पंधरा-वीस वर्षे वाढलेला असावा लागतो. रोप विकत मिळते, माती ट्रकने आणता येते; जुन्या झाडाची सावली मात्र कोणाला घाईने आणता येत नाही. सावलीतली बाग लावणारा माणूस आधीच्या पिढीच्या संयमाचे फळ वापरत असतो. ऋणाची ही जाणीव या विषयातली पहिली धार्मिक गोष्ट म्हटली पाहिजे.

पानाचे जगणे

घनदाट जंगलाच्या तळाशी मोकळ्या आकाशाखालच्या उजेडापैकी शेकडा एक-दोन भागच पोहोचतो. त्यावर जगणाऱ्या वनस्पतीचे पान रुंद आणि पातळ असते, देठ लांब असतो आणि पाने एकमेकांवर सावली पडणार नाही अशा बेताने फिरलेली असतात. वरच्या पालवीतून सरकत येणारे कवडसे काही क्षणच टिकतात. पण त्या क्षणांतच अशी वनस्पती दिवसभराच्या अन्नाचा मोठा वाटा तयार करून घेते.

मुळशीच्या वनस्पतींना सावलीबरोबर कोरड्या आठ महिन्यांशीही निभावून न्यावे लागते. म्हणून इथल्या पुष्कळ सावलीप्रिय वनस्पती कंदाच्या रूपात जमिनीखाली राहतात आणि पावसाबरोबर वर येतात. रानहळद, सापकांदा, शेवळा, पेव हे सारे याच रीतीने जगतात. शेवळ्याचा फुलोरा पानाच्या आधी, पावसाच्या तोंडावर जमिनीतून निघतो. पान मागून येते आणि कंद पुन्हा पोसून ठेवते.

रुखाळू या सगळ्यांत वेगळा. अळूच्या कुळातली ही वनस्पती झाडाच्या बेचक्यात साठलेल्या मातीत किंवा शेवाळलेल्या खडकावर उगवते. पहिल्या सरींनंतर तिची हृदयाकृती पाने खोडाला चिकटल्यासारखी दिसू लागतात. तिला फुले क्वचितच येतात. कंदातून तांबूस उभे कोंब निघतात आणि त्यांवर मोहरीएवढ्या कंदिका घोसाने धरतात. प्रत्येक कंदिकेला बारीक आकडे असतात. पाखराच्या पिसाला किंवा जनावराच्या केसाला ते अडकतात आणि कंदिका दुसऱ्या झाडावर जाऊन पोहोचते. माणसाने लावल्याशिवाय, बियांवाचूनही ही वनस्पती स्वतःचा विस्तार करते.

परसातला अळू माणसाच्या हाताला सरावलेला असला तरी त्याच्याही पानात बारकाईने पाहण्याजोगे काही आहे. पावसाळ्यात पहाटे पानाच्या टोकाशी नजर ठेवली तर तिथे एक थेंब जमतो, गळतो आणि पुन्हा दुसरा जमू लागतो. ते दव नसते. रात्रीच्या दमट हवेत पानातून बाष्प बाहेर पडू शकत नाही. मुळांनी ओढलेले पाणी मग टोकाजवळच्या छिद्रांतून थेंबाथेंबाने बाहेर येते. पावसाचे पाणी मात्र त्याच पानावर ठरत नाही, कारण पानाच्या पृष्ठावरील सूक्ष्म उंचवटे आणि मेण त्याला चिकटू देत नाहीत. मराठी माणूस आयुष्याच्या क्षणभंगुरतेसाठी अळवावरच्या पाण्याचा दाखला देतो, आणि गीतेत अलिप्ततेसाठी कमळाच्या पानाचा दाखला आला आहे. पण हे पान पूर्ण अलिप्त नाही. वरून पडलेले ते धरून ठेवत नाही. मुळांनी कष्टाने ओढलेले मात्र रोज पहाटे पुन्हा मातीला देते. या पानाकडून शिकायचेच असेल तर हे दोन्ही शिकण्यासारखे आहे.

देवराईचा नियम

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. मावळ-मुळशीपासून कोकणापर्यंत वाघजाई, काळकाई, सोमजाई, म्हसोबा, भैरवनाथ, वेताळ अशा ग्रामदैवतांच्या नावाने अशी राने आहेत. देव बहुधा शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, असतो. काही ठिकाणी त्याला छप्पर चालत नाही अशी श्रद्धा आहे. राईत कुऱ्हाड चालवायची नाही, कडक पाळणूक असेल तिथे पडलेले लाकूड आणि वाळलेले पानही घरी न्यायचे नाही, असा दंडक असतो. मोडणाऱ्यावर देव कोपतो, असे मानतात.

या रानांचा शास्त्रीय अभ्यास पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला. पश्चिम घाटातील देवरायांवरचा त्यांचा महत्त्वाचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आसपासच्या डोंगरांवरून नाहीशी झालेली झाडे आणि गारंबीसारख्या अजस्र वेली देवरायांत टिकून असल्याचे त्यांनी नोंदवले. या अभ्यासाच्या काळातच रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी काळकाईची राई तोडीपासून वाचवण्यासाठी या दोघांची मदत मागितली होती आणि ती राई वाचली. राई गेली तर गावचा झरा आटेल, ही भीती त्या लोकांना होती.

येथे एक तात्त्विक पेच आहे. राई झऱ्यासाठी राखायची, की देवासाठी? आधुनिक मनाला पहिले कारण पटते आणि देव हा त्या कारणावर चढवलेला मुलामा वाटतो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. झऱ्यासाठी राखलेली राई नळपाणी योजना आली की निरुपयोगी ठरते. औषधी वनस्पतींसाठी राखलेली राई त्याच औषधाची गोळी बाजारात आली की निरुपयोगी ठरते. उपयोगावर उभे असलेले संरक्षण दुसरा उपयोग सापडताच संपते. एखादी जागा माणसाच्या उपयोगाच्या हिशेबातच धरायची नाही, असा निर्धार हा देवराईचा गाभा आहे. देवाची मालकी म्हणजे माणसाच्या मालकीला घातलेली सीमा.

ही सीमा आंधळी नव्हती. देवळाचे वासे बदलायचे असले किंवा गावावर अडचण आली, तर कोकण-मावळात देवाला कौल लावून, त्याची परवानगी घेऊन लाकूड काढण्याची चाल होती. कौल लावण्यात गरज सर्वांसमोर मांडावी लागे आणि एकट्याच्या लोभाला तिथे वाव राहत नसे. घेण्यावर सरसकट बंदी नव्हती. विचारल्याशिवाय घेण्यावर होती.

राईचा आणखी एक गुण मुळशीच्या इतिहासात उघड झाला. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यातील शेती आणि घरे जलाशयाखाली जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरण झाले. विस्थापित गाव आपल्या देवाची मूर्ती उचलून नव्या जागी नेऊ शकते. राई उचलून नेता येत नाही. तिथले दैवत मूर्तीइतकेच मातीत, बुरशीत, पाचोळ्यात आणि सावलीत वसलेले असते. म्हणूनच राईतल्या रोपाचा सुटा विचार करणे अवघड जाते.

वनस्पतीचा जीव

सावलीतले पान राईतून उपटावे की नाही, हा प्रश्न वनस्पतीला जीव आहे का, या प्रश्नापर्यंत जातो. भारतीय परंपरेत याची उत्तरे अनेक आणि एकमेकांपासून भिन्न आहेत.

छांदोग्योपनिषदात जीवाने व्यापलेल्या वृक्षाचा दाखला येतो: घाव घातला तर त्यातून रस स्रवतो, आणि जीव ज्या फांदीला सोडतो ती वाळते. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद आहे. झाडे पाहत नाहीत, ऐकत नाहीत, मग ती पंचमहाभूतांची कशी, अशी शंका भरद्वाज काढतात. भृगूंचे उत्तर निरीक्षणावर आधारलेले आहे. उष्णतेने पान कोमेजते, म्हणजे स्पर्श आहे. मेघगर्जनेने फळे-फुले गळतात, म्हणजे श्रवण आहे. वेल झाडाला वेढत वाट काढते, म्हणजे एक प्रकारची दृष्टी आहे. झाड मुळांनी पाणी पिते, म्हणजे रसना आहे. मनुस्मृतीतही वनस्पतींना आंतरिक जाणीव आणि सुखदुःख असल्याचे म्हटले आहे.

जैन दर्शनाने हा विचार आचाराच्या पातळीवर सर्वांत पुढे नेला. वनस्पती ही स्पर्श हे एकच इंद्रिय असलेली जीवसृष्टी आहे. कंदमुळात एका देहात अनंत जीव राहतात, म्हणून कंद खाणे वर्ज्य. या दृष्टीने अळकुडी, म्हणजे अळूचा कंद, काढणे म्हणजे पान खुडण्याहून फार मोठी हिंसा. बौद्ध विनयातही भिक्षूने वाढत्या वनस्पतीला इजा करणे हा दोष मानला आहे.

आधुनिक काळात जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींच्या प्रतिसादाचे प्रयोग केले आणि १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते दाखवले. वनस्पतींमध्ये विद्युत संदेश वाहतात, हे आज मान्य आहे. त्यांना मज्जासंस्था नाही आणि आपल्यासारखे दुःख त्यांना होते असे सिद्ध झालेले नाही, हेही तितकेच खरे.

हा वाद सुटला नाही तरी आचार ठरवता येतो. अळूचे बाहेरचे पान खुडले तर आतून नवे पान येते. गड्ड्याला लागलेली एखादी अळकुडी काढली तर मूळ झाड जगते. पूर्ण गड्डा उपटला तर तिथले झाड संपते. या तीन कृतींमध्ये फरक आहे, हे भृगूंचे मत मानणाऱ्याला, जैन मुनीला आणि प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञालाही मान्य होईल. वनस्पतीला वेदना होतात का, याचे उत्तर हाती नसले तरी तिचे जगणे आपण कुठे थांबवतो, हे प्रत्येकाला ठाऊक असते. नीतीला आधार म्हणून एवढे पुरेसे आहे.

बाग ही उपासना

हात न लावण्याला धर्म मानणारी परंपरा जितकी जुनी, तितकीच हाताने वाढवण्याला धर्म मानणारीही. तेराव्या शतकातील संत सावता माळी यांचे गाव सोलापूर जिल्ह्यातील अरण. मळ्यातल्या भाजीपाल्यात त्यांनी विठ्ठल पाहिला आणि मळ्याचे काम हीच पूजा मानली. त्यांच्या जीवनाचा अर्थ एवढाच की, देव भेटण्यासाठी काम टाकावे लागत नाही. मशागत, निंदणी, पाणी पाजणे यांत अवधान असेल तर तीच साधना होते.

गीतेत भक्ताने भावाने वाहिलेले पान, फूल, फळ, पाणी देव स्वीकारतो असे सांगितले आहे. महाराष्ट्रात गणेशपूजेत एकवीस प्रकारच्या पत्री वाहतात. मात्र पान वाहण्याच्या भक्तीने पानाचाच तुटवडा होऊ शकतो. भाद्रपदाच्या तोंडावर शहरांच्या बाजारात पत्रीचे ढीग येतात, त्यातला पुष्कळ माल रानातून ओरबाडलेला असतो. स्वतः लावलेल्या झाडाचे एक पान वाहणे आणि रानातून उपटलेल्या रोपांची जुडी वाहणे यांत भावाचाही फरक आहे, कारण पहिल्यात देणाऱ्याने आधी काही वाढवलेले असते.

ऋषिपंचमीचे व्रत राई आणि बाग यांच्या मधोमध उभे आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या या व्रतात बैलाच्या श्रमाने पिकलेले अन्न खायचे नाही, असा नियम आहे. म्हणून त्या दिवशीच्या भाजीत परसात किंवा बांधावर आलेल्या भाज्या पडतात आणि अळूला त्यात मानाचे स्थान असते. नांगर न लागलेल्या कोपऱ्यात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला अळू हे अन्न कोणाच्याही मानेवर जू ठेवून आलेले नसते. वर्षातून एक दिवस तरी दुसऱ्या जिवाच्या कष्टाशिवाय जेवावे, असा विचार या नियमात आहे. सावलीतली बाग या विचाराच्या जवळची आहे. तिथे जमीन उलथून टाकावी लागत नाही. झाडाखालची ओल आणि पाचोळा यांच्या आधाराने पीक येते.

राईची बाग होते तेव्हा

गेल्या काही दशकांत देवरायांवर आलेले एक संकट भक्तीतूनच आले आहे. गावातला कमावता वर्ग शहरात गेला, हाती पैसा आला आणि देवासाठी काही करावे असे त्याला वाटू लागले. जुन्या तांदळ्याच्या जागी कोरीव मूर्ती, तिच्यावर शिखर, पुढे सभामंडप, त्याभोवती फरशी असा जीर्णोद्धाराचा क्रम अनेक गावांत दिसतो. खर्चासाठी किंवा जागेसाठी राईतली झाडे तोडली जातात. उरलेल्या झाडांखालचे ‘जंगल’ साफ करून तिथे वाफे आखले जातात, शोभेची झाडे लावली जातात.

यात हेतू वाईट नसतो. पण झाडांखालचे झुडूप ‘साफ’ केले की राईची पुढची पिढी जाते, कारण मोठ्या झाडांची रोपे त्या झुडपातच असतात. पाचोळा झाडून जाळला की रानहळदीचे आणि सापकांद्याचे कंद उघडे पडतात. देवाचे घर सुंदर करण्याच्या इच्छेने देवाची वस्ती मोडते.

दुसरा धोका बाहेरून येणाऱ्या वनस्पतींचा. मुळशीत धरणाच्या काठाने आणि डोंगरउतारांवर बंगले आणि फार्महाऊस वाढले. त्यांच्या बागांसाठी उरुळी कांचन–सोरतापवाडी पट्ट्यासारख्या ठिकाणच्या रोपवाटिकांतून मॉन्स्टेरा, कॅलाथिया, कॅलाडियम, सिंगोनियम अशी सावलीत वाढणारी झाडे येतात. यांतली बहुतेक मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशांतली. त्यांना परकी म्हणून दूर लोटण्याचे कारण नाही; मिरची आणि पेरू हेही त्याच खंडातून आले आणि घरचे झाले. पण सिंगोनियम आणि मनी प्लांटसारख्या वेली अनेक उष्ण देशांत बागेबाहेर पसरून स्थानिक झाडोऱ्याला झाकून टाकतात. त्यांच्या देठाचा एक तुकडा ओल्या जमिनीवर पडला तरी मूळ धरतो. छाटलेला पाला ओढ्याकाठी किंवा राईच्या कडेला टाकला तर पाऊस उरलेले काम करतो. कुंपणाच्या आत जे लावले त्याची जबाबदारी कुंपणाबाहेरही राहते, हा या घडामोडीतला नैतिक धडा आहे.

तिसरा धोका उलट दिशेचा. देशी वनस्पतींची आवड वाढली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या आवडीपोटी रानातले कंद उकरून आणणेही वाढू शकते. ताम्हिणी वन्यजीव अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले आणि अभयारण्यातून वनस्पती काढण्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मनाई आहे. अभयारण्याबाहेरच्या देवरायांत मात्र मुख्य राखण गावाच्या श्रद्धेचीच असते. बाहेरून आलेल्या माणसाला ती श्रद्धा नसेल, पण ती श्रद्धा मानणाऱ्यांची जागा त्याने मानली पाहिजे.

सावलीच्या बागेचा आचार

राई आणि बाग यांचे नाते नीट लावले तर मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. राई ही न घेण्याची जागा आणि बाग ही देऊन घेण्याची जागा. दोन्ही एकाच धर्माची अंगे आहेत, मात्र त्यांचे नियम वेगळे ठेवले पाहिजेत. राईत बागेचा नियम नेला तर राई मरते. बागेत राईचा नियम नेला तर माणसाला कष्टांतून मिळणारी साधना हरवते.

बागेचा आचार मुळशीच्या हवापाण्यात असा ठरतो. पहिले काम सावली राखण्याचे, म्हणजे असलेले झाड न तोडण्याचे. प्लॉटवर जुना आंबा किंवा जांभूळ असेल तर घराचा आराखडा त्याला वळसा घालून करावा. झाड नसेल तर ते आधी लावावे आणि तोवर घराच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला, जिथे दुपारचे ऊन पोहोचत नाही, तिथे पानांची झाडे ठेवावीत.

दुसरे काम रोप योग्य ठिकाणाहून घेण्याचे. अळू आणि हळद यांचे कंद गावात कोणाच्याही परसात असतात आणि मागितले तर मिळतात. मागून घेतलेल्या कंदाबरोबर माणसांचे नातेही येते. वडीचा अळू काळसर देठाचा आणि भाजीचा हिरव्या देठाचा, हे देणाऱ्या घरातच कळते. खाजरा वाण कोणता आणि त्याला चिंच किंवा आमसूल किती लागते, हेही तिथेच समजते. पेव किंवा नेचे हवे असतील तर वाढवलेले रोप विकणाऱ्या रोपवाटिकेतून घ्यावेत. राईतून काही आणू नये, खाली पडलेली कंदिकाही नाही. रुखाळू स्वतः कुणाच्या तरी पिसाला अडकून बागेतल्या आंब्यावर आला तर त्याचे स्वागत करावे.

लावणी मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या सरींबरोबर करावी. अळकुडी चार बोटे खोल आणि रोपांत दीड-दोन फुटांचे अंतर ठेवून लावावी. अळूला साचलेले पाणी चालते, हळदीला चालत नाही. म्हणून घाटाकडच्या अतिपावसाच्या गावांत हळदीसाठी उंच वाफा आणि अळूसाठी उताराचा सखल भाग निवडावा. खाली पडलेला पालापाचोळा जाळू नये, तोच रोपांभोवती पसरावा. न्हाणीचे पाणी द्यायचे तर त्यात साबण आणि डिटर्जंट कमी असावे. पाने बाहेरून घ्यावीत, गाभ्याची दोन-तीन नेहमी ठेवावीत. हिवाळ्यापासून पाने कमी होऊ लागली की झाड मेले असे समजून गड्डा उकरू नये. कंदाला विश्रांतीचा काळ द्यावा. नागपंचमीच्या पातोळ्यांना हळदीची पाने लागतात, ऋषिपंचमीला अळू लागतो. सणांचे हे वेळापत्रक वनस्पतीच्या भर बहराशी जुळते, कारण ते तिच्याकडे पाहूनच ठरलेले आहे.

तिसरे काम सीमा पाळण्याचे. परदेशी वेली कुंडीत ठेवाव्यात, त्यांची छाटणी वाळवून किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात मुरवून संपवावी, ओढ्यात टाकू नये. बाग राईला लागून असेल तर मधली पट्टी मोकळी सोडावी आणि तिथे जे आपोआप उगवेल ते उगवू द्यावे. देवराईचा जीर्णोद्धार करण्याचा विचार गावात निघाला तर पैसा मंडपाऐवजी कुंपण, पाणवठा आणि राखणदार यांवर खर्च करण्याचा आग्रह धरावा. देवासाठी काही करायचे असेल तर त्याचे रान जसे आहे तसे ठेवणे ही सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी सेवा आहे.

वनस्पतीला मोकळे सोडणे आणि तिला सांभाळणे यांपैकी एक निवडण्याची गरज माणसाला नाही. जिथे तो नसतानाही जीवन पूर्ण आहे, तिथून त्याने हात मागे घ्यावा. जिथे त्याने जमीन मोडली, घर बांधले, झाड तोडले, तिथे हात लावून भरपाई करावी. राई राखणे हा संयमाचा धर्म आणि बाग वाढवणे हा परतफेडीचा धर्म. मुळशीसारख्या तालुक्यात, जिथे डोंगरउतारांचे वेगाने प्लॉट होत आहेत, तिथे या दोन्हींची गरज सारखीच आहे. पहिला पाळल्याशिवाय दुसरा खरा होत नाही, कारण परतफेड करणाऱ्याने आधी आणखी घेणे थांबवलेले असावे लागते.